नावात काय काय असतं

प्रश्न : ताई, आमच्या शेजारी मुलगी झाली, नाव ठेवलं इनेश. माझी सासू म्हणते ही सगळी पोर्तुगीज नावं, त्यांना अर्थबिर्थ काही नसतो. खरंच का? आमच्या वाड्यावर जुआंव, पेद्रू, कायतान सगळे आहेत म्हणून विचारते.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : सासूबाईंना सांगा, अर्थ भरपूर आहे आणि पोर्तुगीज आहे तो फक्त वरचा साज. इनेश मुळात ग्रीक, अर्थ पवित्र, शुद्ध, म्हणजे आपल्या अनघाच्या अगदी जवळची, इंग्रजीत तीच अॅग्नेस. जुआंवचा प्रवास तर विचारूच नका, मूळ हिब्रू योहानान, ‘देवाने कृपा केली’, मग तोच इंग्रजीत जॉन, स्पॅनिशमध्ये हुआन, इटालियनमध्ये जोव्हान्नी, रशियनमध्ये इव्हान झाला, आणि २४ जूनला डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, घालून पोरं विहिरीत उड्या मारतात तो सांजांवचा सण याच नावाच्या संताचा. पेद्रू म्हणजे ग्रीकमधला पेत्रोस, दगड किंवा खडक, तोसुद्धा येशूने दिलेल्या केफा या अरामी नावाचं भाषांतर.

मला सगळ्यात आवडतो तो कायतान, कारण त्याचा अर्थ चक्क ‘गाएताचा’, गाएता हे इटलीतलं समुद्रकाठचं गाव. आपण पेडणेकर, काणकोणकर म्हणतो ना, तसंच, फक्त तिकडे गाव आडनावात न जाता नावातच शिरलं. बाळाला आशीर्वाद, आणि बारशाचं गोड आलं असेल तर कळवा!