लीग वनच्या (इंग्लंडमधल्या फुटबॉलची तिसरी पायरी) नव्या चाहत्याला

खालच्या डिव्हिजनचा क्लब निवडलास, झकास! सुरुवातीला दोनच गोष्टी सांभाळ.

१. ऑगस्टमधलं टेबल बघून हुरळू नकोस, खचूही नकोस. सामने ४६ असतात. पहिले दोन थेट वरच्या डिव्हिजनला, पुढचे चार प्ले-ऑफला, म्हणजे वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठीच्या बाद फेरीला.

२. घड्याळ. तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले साडेसात, ऑक्टोबरअखेरपासून साडेआठ. इथे सगळेच एकदा फसतात, मीही फसलोय.

आणि ‘संपलं’ म्हणून झोपायला जाऊ नकोस. २०२२-२३ मध्ये शेफिल्ड वेन्सडे हा क्लब ९६ गुण मिळवूनही तिसरा. प्ले-ऑफच्या पहिल्या सामन्यात पीटरबरोकडून ४-० मार खाल्ला. परतीच्या सामन्यात, दोन्ही सामन्यांच्या बेरजेत बरोबरी साधणारा चौथा गोल आला तो ९८व्या मिनिटाला. मग पेनल्टीवर जिंकले. फायनलला जॉश विंडासचा विजयी हेडर तर १२० मिनिटं उलटून गेल्यावर!

एक्सजी (संधींवरून किती गोल अपेक्षित होते त्याचा आकडा) वगैरे पुढच्या सीझनला बघू.