माणूस धर

चि. बाय हिला,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात भेटलीस आणि म्हणालीस, "काका, माझ्या संपादकाचीच नोकरी गेली. आता त्या कादंबऱ्यांत काय राम राहिला?" तुझी बस सुटत होती, मी नुसती मान हलवली. तेव्हापासून ते खुपतंय.

दुसऱ्याच्या विश्वात, म्हणजे तुझ्यासारखं कंपनीच्या मालकीच्या पात्रांवर कादंबऱ्या लिहिणं हलकं की भारी, यावर मी शब्द खर्च करणार नाही. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली भागवताच्या दशम स्कंधावरून कृष्णचरित्र ओव्यांत लिहायला घेतलं, आणि पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आज त्याचं नाव आहे. तुझ्या बाबतीत पात्रं कंपनीची, लिहिलेला मजकूरही बहुधा तिचाच. आराखडा मंजूर व्हायचा तो तिच्याकडून, हस्तलिखितही तिच्याकडून. सही करताना तुला हे ठाऊक होतं. मग तुझं असं काय उरतं? तुझी ओळन् ओळ वाचून तुझ्यासाठी त्या कंपनीशी भांडणारा माणूस. तो धर.

तुझ्या लाडक्या 'स्टार ट्रेक'चंच बघ. त्यातली 'डीप स्पेस नाइन' ही टीव्ही मालिका १९९९ मध्ये पडद्यावर संपली. २००१ पासून पॉकेट बुक्सच्या कादंबऱ्यांनी तीच कथा पुढे नेली. लेखक वेगवेगळे, पण कोण कुठे पोचलं आणि कोणाचं काय अर्धवट राहिलं, ही सगळी गुंतागुंत मार्को पाल्मिएरी हा संपादक सांभाळायचा. डिसेंबर २००८ मध्ये पॉकेट बुक्सची मालक असलेल्या सायमन अँड शूस्टरने माणसं कमी केली, त्यात तो गेला. आता आटोपलं, असं वाचकांना वाटलं. पण ती साखळी २०२१ पर्यंत चालली. पडद्यावर 'पिकार्ड' ही नवी 'स्टार ट्रेक' मालिका आली, तिचा आणि कादंबऱ्यांचा मेळ बसेना, तेव्हा कुठे तीन पुस्तकांत त्या साखळीचा शेवट केला. 'स्टार वॉर्स'च्या जुन्या कादंबऱ्या तर २०१४ मध्ये मालकांनीच एका घोषणेने मूळ कथेबाहेर काढल्या. मालकाच्या मनात आलं की संपतं, त्यावर तुझं-माझं काही चालत नाही. जे हातात नाही त्याची चिंता तू महिनाभर करतेस आणि जे हातात आहे ते करत नाहीस, याचा मला राग येतो. तुझ्या त्या संपादकाला एक ओळ तरी लिहिलीस का?

मी लिहिली नव्हती. एका टीव्ही मालिकेवर मुलांसाठी पुस्तकं लिहायचो तेव्हाची गोष्ट. माझा संपादक प्रुफांच्या समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायचा, "हा मुलगा मागच्या पुस्तकात लंगडत होता." एक दिवस त्याला काढलं. मला कळलं ते नव्या माणसाच्या पत्रातून. तिसऱ्या पुस्तकात तो मुलगा धावत टेकडी चढला, आणि छापून येईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

त्याच्याबरोबर मीही काम सोडायला हवं होतं, असं पुढे अनेकांनी ऐकवलं. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती. आणि त्या पोराला मी दोन पुस्तकं वाढवलं होतं, त्याला परक्याच्या हाती द्यायला मन होईना. राहिलो यात चुकलो नाही, आजही तेच म्हणेन. चुकलो ते दोन ओळी न लिहिण्यात. बऱ्याच वर्षांनी एका साहित्य संमेलनात तो दिसला. मला वाटलं, तोंड फिरवील. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "त्या पोराच्या पायाचं काय झालं रे?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, माणूस धर. तो उद्या दुसऱ्या प्रकाशनात जाईल, नाहीतर घरी बसेल. कुठेही असो, धर. त्याच्याकडे काम मागू नकोस. त्याच्या कुठल्या खुणेमुळे तुझं कुठलं प्रकरण सुधारलं, तेवढंच लिही.

आणि नव्या संपादकालाही माणूस समज. त्याच्या टेबलावर दुसऱ्याने अर्धवट सोडलेल्या दहा फायली आहेत, त्यातली एक तुझी. काय ठरलं होतं, कोणत्या तारखेच्या मेलमध्ये, कोणते बदल मंजूर झाले आणि कोणते नुसते तोंडी राहिले, हे दोन पानांत उतरव. तुझ्या कथेची आठवण आता फक्त तुझ्याकडे आहे. तिसरं पान नको, ते कोणी वाचत नाही.

ती दोन पानं घेऊन रविवारी ये. पण त्याआधी ते पत्र टाक. आल्यावर पहिलं तेच विचारीन.

तुझा,
काका