नॅलोक्सोन फुकट वाटल्याने अमेरिकेत नशा वाढते का? संशोधन काय सांगतं?

नाही वाढत. नॅलोक्सोन हे हेरॉइनसारख्या नशेचा ओव्हरडोस उतरवणारं औषध. मरणारा वाचतो, एवढंच होतं.

मी बॉस्टनजवळ फार्मासिस्ट आहे, माहेर सांगलीचं. 2016 च्या हिवाळ्यात एक बाई काउंटरवर आल्या. मुलगा चार दिवसांनी तुरुंगातून सुटणार होता, हेरॉइनचं जुनं व्यसन. त्यांना नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे घरात ठेवायचा होता. आमच्या राज्यात दुकानाने एखाद्या डॉक्टरचा कायमचा आदेश घेऊन ठेवला असेल, तर प्रत्येकाकडून वेगळं प्रिस्क्रिप्शन लागत नसे. आमच्या मुख्य फार्मासिस्टने तो घेतलाच नव्हता. म्हणाला, "एकदा ठेवलं की सगळे गर्दुल्ले इथेच येतील." मी नवी, व्हिसा दुकानाच्या हातात. गप्प राहिले. दुसऱ्या दुकानाचा पत्तासुद्धा सांगितला नाही.

तीन आठवड्यांनी त्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या. मुलगा कसा आहे, विचारलं. सुटल्यावर सहाव्या दिवशी गेला. बाथरूममध्ये. त्या दाराबाहेरच होत्या.

वॉशिंग्टन राज्यातल्या कैद्यांवरचा अभ्यास 2007 मध्ये छापून आला होता. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतरांच्या 129 पट. आत असताना शरीराची सवय मोडते, बाहेर येऊन माणूस जुनाच डोस घेतो. म्हणजे ती बाई आली तेव्हा हे छापून नऊ वर्षं झाली होती. आमच्याच मॅसॅच्युसेट्समधल्या 19 गावा-शहरांचा अभ्यास 2013 चा: जिथे लोकांना शिकवून स्प्रे वाटले तिथे ओपिऑइडचे (हेरॉइनसारख्या अफूच्या जातीच्या औषधांचे) मृत्यू 27 टक्के कमी, जास्त वाटले तिथे 46 टक्के.

माझा दादा डॉक्टर आहे. तो म्हणतो, खाली जाळी बांधली की डोंबारी आणखी उंच उड्या मारतो. अरे, ओव्हरडोस झालेला माणूस बेशुद्ध असतो, तो स्वतःच्या नाकात स्प्रे मारणार कसा? शेजारी कुणीतरी लागतं. आणि शुद्धीवर येतो तो उलट्या करत, थरथरत, अंग ठणकत. याच्या भरवशावर कोण मजा करेल?

काही अर्थशास्त्रज्ञांनी उलटा निष्कर्ष काढला आहे, हेही खरं. मला तो पटत नाही. पण स्प्रे म्हणजे सगळं नव्हे: त्याचा असर 30 ते 90 मिनिटंच टिकतो, म्हणून 911 ला (इथला तातडीच्या मदतीचा नंबर) फोन करायचाच. झोपेच्या गोळ्यांवर किंवा झायलाझिनवर (नशेत मिसळलं जाणारं जनावरांचं गुंगीचं औषध) तो चालत नाही. 2023 पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो, तेव्हा व्यसनी माणूस घरात असेल तर आजच आणा.

दादा, तू हे वाचशीलच. साप चावलेला माणूस तुझ्याकडे आला, तर दारू पिऊन बांधावर का झोपला होतास, हे आधी विचारून मग लस देतोस का? दिवाळीत विचारलं तेव्हा ताटावरून उठून गेलास. आता इथे खाली लिही.