चरित्राचं विडंबन, पुतळ्याची विटंबना

प्रश्न असा आला आहे: "मी प्रसिद्ध आणि बदनाम अशा दोन्ही प्रकारच्या माणसांच्या आयुष्यावर खोडकर लेख लिहितो. मालिकेला 'महापुरुषांची विडंबना' असं नाव द्यायचं आहे. मित्र म्हणतो, 'विटंबना' म्हण. दुसरा म्हणतो, 'विडंबन'. तिन्ही एकच का?"

एकच नाहीत, आणि 'विडंबना' तर मुळीच नको. हल्ली बातम्यांत, भाषणांत, जिथे तिथे 'केवढी मोठी विडंबना!' ऐकून माझे कान किटले आहेत. हिंदीत या शब्दाला दैवाने केलेल्या थट्टेचा अर्थ आहे, तो त्यांच्याकडे शोभतो. मराठीत त्यासाठी 'दैवदुर्विलास' आहे, आणि एवढा भारदस्त शब्द जड वाटत असेल तर साधी 'विसंगती' आहे. त्याहून कहर म्हणजे 'पुतळ्याची विडंबना'. ध्वजाची, पुतळ्याची, मृतदेहाची होते ती विटंबना. पुतळ्याचं विडंबन म्हणजे कुणीतरी त्या पुतळ्याशेजारी तशीच तलवार उगारून, पोट सुटलेला दुसरा पुतळा उभा केला असा अर्थ होईल.

गंमत अशी की विडंबन आणि विटंबना हे मुळात सख्खे भाऊबहीण. दोन्ही संस्कृत 'विडम्ब्'चे. आणि या धातूचा एक अर्थ थट्टा असला, तरी दुसरा चक्क 'नक्कल करणे, बरोबरी करू पाहणे' असा आहे. कालिदासाच्या रघुवंशात चौथ्या सर्गात शरद ऋतू रघुराजाचं 'विडंबन' करतो. पांढऱ्या कमळांचं छत्र धरतो, फुललेल्या काशतृणाच्या चवऱ्या ढाळतो, थेट राजाचा थाट. पण राजाची शोभा काही त्याला साधत नाही. एका नामांकित माणसाची नक्कल, तीही एका आख्ख्या ऋतूने केलेली, आणि हरतो कोण, तर नक्कल करणारा! विडंबनाबद्दलचं यापेक्षा सुंदर वाक्य मला कुठे भेटलेलं नाही.

नेहमी मात्र असं होत नाही. चॅप्लिन आणि हिटलर 1889च्या एप्रिलमध्ये चार दिवसांच्या अंतराने जन्मले. 1940 साली 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये चॅप्लिनने तीच आखूड मिशी लावून, जर्मनसारखी वाटणारी निरर्थक बडबड करत जे केलं, ते कालिदासाच्या अर्थाने विडंबनच. फक्त इथे शरद जिंकला.

आता ड चा ट कसा झाला? माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. प्राकृतात दोन स्वरांमधल्या ट चा ड होतो, 'घट'चा 'घड'. म्हणजे ड हा बोलीतला, ट हा पंडिती, असं कानाला वाटू लागतं. मग कुणातरी अतिशुद्ध माणसाला 'विडंबना'तला ड गावठी वाटला आणि त्याने तो ट करून 'सुधारला'. मूळ संस्कृतच ड होतं, हे बिचाऱ्याच्या गावीही नाही! 'विटंबना' हा शब्द स्वतःच एका शब्दाची विटंबना आहे, असं मी चारचौघांत सांगतो आणि भाषेचे प्राध्यापक माझ्याकडे दयेने बघतात. बघोत.

डम्ब म्हटलं की मला आडंबर आठवतो. आज त्याचा अर्थ पोकळ देखावा, पण वाजसनेयी संहितेत, म्हणजे शुक्ल यजुर्वेदात, 'आडंबर' हा एक ढोल आहे. तिसाव्या अध्यायात तो बडवणारा माणूस येतो, आणि तो वाहिला आहे 'शब्दा'ला, म्हणजे आवाजाला. पुढे आडंबर म्हणजे हत्तीचा चीत्कार, मग गर्व, मग बडेजाव. मोठ्या माणसाभोवती जो ढोल वाजत असतो तो आडंबर, आणि त्याच ठेक्यावर कुणी वेडंवाकडं नाचलं की विडंबन. ही जोडणी माझी, कोशकारांच्या माथी मारू नका.

याच कुळात मी 'डांबिस'ही बसवतो. 'डॅम बीस्ट' या इंग्रजी शिवीपासून तो आला, ही कथा तुम्हीही ऐकली असेल. सांगणारे असे सांगतात जणू साहेब शिवी देत असताना ते शेजारीच उभे होते. इंग्रज येईपर्यंत मराठी माणूस डांबिस नव्हता, असं मानायला फारच भाबडेपणा लागतो. हेमचंद्राचं बाराव्या शतकातलं प्राकृत व्याकरण उघडा. द चा विकल्पाने ड होणाऱ्या शब्दांची यादीच आहे: दोहद, दोला, दण्ड, आणि त्यातच 'दम्भ'. दोहदाचे आपण डोहाळे केले, मग दंभाचा डंभ आणि डंभाचा डांबिस का नाही? शेवटच्या 'स'चं काय, असं विचारणाऱ्यांना मी सध्या टाळतो आहे.

आणखी एक खटकणारी गोष्ट. 1925च्या सुमाराला अत्र्यांनी केशवकुमार या नावाने विडंबनकाव्य गाजवलं, तेव्हापासून काही जाणकारांना विडंबन फक्त कवितेचंच होतं असं वाटतं. छे! रोमचा सम्राट क्लॉडियस इ.स. 54 मध्ये मेला, सिनेटने त्याला देव ठरवलं, आणि रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या नावावर असलेल्या एका टवाळ कृतीने 'देवीकरण' या शब्दाची मोडतोड करून मथळ्यातच त्याचं 'भोपळाकरण' केलं. आतल्या मजकुरात भोपळा कुठेच नाही. हे चरित्राचं विडंबनच.

हां, तुमचं शीर्षक. 'विडंबन' ठेवा, 'महापुरुषांचं विडंबन'. 'विटंबना' ठेवलीत तर अर्धे वाचक लेख न वाचताच चिडतील. बदनामांच्या बाबतीत तर ती लागूच पडत नाही, विटंबनेला आधी थोडा तरी मान लागतो. त्यांच्यासाठी निराळी मालिका काढणार असाल तर 'डांबिसनामा' म्हणा, माझी हरकत नाही. आणि त्या 'स'बद्दल काही सुचलं तर कळवा.