‘घरी तेलुगू बंद करा’ असे सांगितले आणि आई दुरावली

पत्र : वरळीला माझे पाळणाघर आहे. तीन वर्षांचा एक तेलुगू मुलगा दोन महिन्यांपासून येतो. जेवतो, खेळतो, पण तोंडातून अक्षर काढत नाही. त्याच्या भल्यासाठीच मी आईला म्हटले, “घरी तेलुगू बंद करा, मराठी नाहीतर हिंदीच बोला.” तेव्हापासून ती उंबऱ्यातच मूल सोपवून निघून जाते. माझे काय चुकले?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचा हेतू चांगला होता, सल्ला मात्र चुकला, आणि तो तुम्हालाच मागे घ्यावा लागेल. दोन भाषा कानांवर पडल्यामुळे मूल बोलण्यात मागे पडत नाही. अनोळखी भाषेत येऊन पडलेली अनेक मुले काही आठवडे, क्वचित काही महिनेही गप्प राहतात. त्या काळात कोणत्या शब्दाला कोण उठते, ताटे मांडताना मावशी काय म्हणतात, हे ती टिपत असतात. मोडक्यातोडक्या मराठीत आई ‘ये, बस, जेव’ एवढे म्हणेल. पण रुसवा काढणे, गोष्ट रंगवणे आणि मुलाच्या शंभर प्रश्नांना पुरून उरणे तिला तिच्याच भाषेत साधेल, आणि त्या बोलण्याच्या बळावरच मुलगा मराठीही शिकेल. शिवाय ज्या शहराची महापालिका तेलुगू माध्यमाच्या शाळा चालवते, तिथे ती भाषा घरातूनच का घालवायची?

बोर्डीला १९४५ साली बालशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्यापुढेही असाच पेच होता. आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. तुम्हाला तर एवढे चालायचेही नाही.

सकाळी कामाच्या घाईत असलेल्या त्या आईला दारात अडवू नका. सुट्टीच्या दिवशी चहाला बोलवा आणि “मी चुकीचे सांगितले” हे पहिल्याच वाक्यात म्हणा. मग पाणी, भूक, झोप, शू यांसाठी तो घरी कोणते शब्द वापरतो ते विचारून देवनागरीत लिहून घ्या. तेलुगूत पाण्याला ‘नीळ्ळु’ आणि भुकेला ‘आकलि’ म्हणतात, हे मी सांगू शकते. पण त्या घरातले लाडके शब्द तिच्याकडूनच मिळतील. उच्चार चुकले तर मुलगा हसेल. हसू द्या.

पाळणाघरात “नाव सांग बघू” असा आग्रह नको, पाहुण्यांसमोर तर मुळीच नको. हात पुसताना, भात कालवताना तुम्ही मराठीतच त्याच्याशी बोलत राहा, मानेने दिलेले उत्तर पुरेसे माना आणि अभिनयगीते रोज घ्या, कारण त्यांत न बोलताही सगळ्यांबरोबर सामील होता येते.

चहा घेताना एक प्रश्न अवश्य विचारा, पण तक्रारीचा सूर लागू देऊ नका : घरी तो तेलुगूत भरपूर बोलतो का? बोलत असेल तर वाट पाहा. घरीही दोन-तीन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा येत असलेले शब्द गमावत असेल, तर भाषेला दोष न देता आधी श्रवणतपासणी करून घ्यायला सांगा. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ती होते. त्याला किती शब्द येतात हे मोजायची वेळ आली, तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत.

पहिल्या बोलावण्याला ती कदाचित येणार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बोलवा.