न झालेल्या अपघाताची नोटीस

प्रश्न : माझी मोटार पुण्यात असते. मला सोलापूरच्या मोटार अपघात दावा प्राधिकरणाची नोटीस आली आहे. माझ्या गाडीने एका दुचाकीस्वाराला धडक दिल्याने त्याला कायमचे अपंगत्व आले, असे तीत म्हटले आहे. त्या दिवशी गाडी आमच्या सोसायटीच्या आवारातच उभी होती. ‘विमा आहे ना, मग कंपनी बघून घेईल, तुम्ही जायची गरज नाही,’ असे एजंट सांगतो. मी काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : एजंटाचा हा सल्ला कृपया मानू नका. ठरलेल्या तारखेला आपण हजर राहिला नाहीत, तर दावा आपल्याविरुद्ध एकतर्फी चालतो आणि ‘गाडी तिथे नव्हतीच’ हे सांगू शकणारा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार कामकाजाबाहेर राहतो. कंपनीचा वकील दावा लढवील हे खरे. पण त्याची अशील कंपनी आहे, आपण नव्हे. चालकाकडे वैध परवाना नव्हता किंवा पॉलिसीच्या अटींचा भंग झाला, असा बचाव कंपनी घेऊ शकते. तो टिकला तर भरपाई आधी कंपनीने भरावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी, असेही आदेश होतात. शिवाय मालक आणि अर्जदार यांचे संगनमत आहे, असे वाटल्यास मालकाच्या जागी सर्व मुद्दे लढवण्याची परवानगी मोटार वाहन कायद्याच्या कलम १७० खाली कंपनीला मागता येते. आपण गप्प राहिलात तर हा संशय बळावेल. म्हणून कंपनीला नोटिशीच्या प्रतीसह लेखी कळवून पोच घ्या, आणि स्वतःचा वेगळा वकील नेमून स्वतःची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल करा.

मात्र दावा बनावटच आहे, असे धरून चालू नका. गाडीच्या क्रमांकातला एखादा अंक चुकीचा टिपला गेला, तरी भलत्याच मालकाला नोटीस जाते, आणि अशा वेळी समोरचा जखमी माणूस अगदी खरा असतो. बनावट दाव्याची रीत वेगळी असते. दुचाकी घसरून स्वतःच्या चुकीने पडलेल्या माणसाला इतर कोणाच्या विम्यातून काही मिळत नाही. अज्ञात वाहनाने ठोकरले असेल, तर २०२२ च्या केंद्रीय योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. याउलट विमा असलेले वाहन सापडले, तर मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईवर विम्याची कमाल मर्यादा नसते. एवढी तफावत असल्यामुळेच मागाहून एखादी विमा असलेली गाडी प्रकरणात घुसवली जाते. उत्तर प्रदेशात असे दावे इतके झाले, की अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांच्यासाठी विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला; पुढे सर्वोच्च न्यायालयालाही त्यात लक्ष घालावे लागले, आणि संशयितांत काही वकीलही निघाले.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की आपल्या गाडीचा क्रमांक या कागदांत कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून आला? प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीची तपासणी झाल्याचे म्हटले असेल तर तिचा अहवाल, आणि चालक म्हणून कोणाचे नाव दिले आहे, हे सर्व वकिलामार्फत मिळवा. त्याहून मोलाची असते ती रुग्णालयातील पहिली नोंद. जखमीला आणल्यावर दुखापत कशी झाली, हे विचारून डॉक्टर लिहून घेतात, आणि तोवर दाव्याचा विचार सहसा कोणाच्या मनात आलेला नसतो. तिथे ‘दुचाकी घसरून’ किंवा ‘अज्ञात वाहन’ असे असेल आणि आपला क्रमांक काही आठवड्यांनी दिलेल्या फिर्यादीत प्रथमच उगवला असेल, तर उलटतपासासाठी भक्कम आधार मिळेल. केवळ फिर्याद उशिरा दिली, एवढ्यावर मात्र विसंबू नका. तेवढ्या कारणाने दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे.

आपल्या बाजूचा पुरावा आजच गोळा करायला लागा. सीसीटीव्हीचे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते. उरले असेल तर सोसायटीच्या सचिवांना पत्र देऊन ते राखून ठेवायला सांगा. फास्टॅगचे विवरण, फाटकावरची नोंदवही, त्या सुमारास सर्व्हिसिंग झाले असल्यास किलोमीटरच्या आकड्यासह गॅरेजचे जॉबकार्ड, असे कागद एकत्र ठेवा. एकट्या फास्टॅगने काही सिद्ध होत नाही, कारण टोल नसलेल्या रस्त्यानेही सोलापूर गाठता येते. गाडीला रंगकाम किंवा दुरुस्ती सध्या करू नका. पोलिसांनी चालकाची माहिती मागितली तर ती देणे मालकाला बंधनकारक आहे, मात्र उत्तर लेखी द्या. आणि ‘सही करा, पैसे कंपनीच भरणार आहे’ असे सुचवणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा, कारण तशी सही केली तर आपणच आरोपी व्हाल.

न्यायालयात अप्रामाणिकपणे खोटा दावा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४६ नुसार गुन्हा असून, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हे अस्त्र पहिल्याच तारखेला उपसण्याची घाई नको. आधी दाव्यात आपली गाडी निर्दोष ठरू द्या.

प्रश्न : नूतनीकरण करताना कंपनी म्हणते, की गेल्या वर्षी मी दुरुस्तीचा दावा घेतला, म्हणून नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) मिळणार नाही. मी दावा केलेलाच नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कंपनीकडून दाव्याचा क्रमांक, दावा अर्जाची प्रत, सर्वेक्षकाचा अहवाल, छायाचित्रे आणि रक्कम कोणाच्या खात्यात गेली याचा तपशील लेखी मागा. गॅरेजमध्ये कोऱ्या दावा अर्जावर सही केली होती का, हेही आठवून पाहा. त्या अर्जाचा नंतर कसा वापर झाला असेल, याचा बहुधा तिथेच उलगडा होतो. नोंद चुकून झाली असेल तर ती दुरुस्त करून बोनस द्यावा, अशी तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. सही बनावट निघाली, तर पोलिसांत स्वतंत्र फिर्याद द्या.