बटणवाला टायर टाकू का? आणि पावसातल्या गाडीचे आणखी दोन प्रश्न

मिरग आला की या सदराकडे येणारे निम्मे प्रश्न टायरचेच असतात. यंदाचे तीन घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण प्रश्नच तसा होता.

प्रश्न: मी लांज्याहून रत्नागिरीला रोज कामाला जाऊन-येऊन करतो. गाडी पल्सर १५०, २०१४ ची, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) नाही. मागचा टायर पार गोटा झालाय, पुढचा बरा आहे. गेल्या पावसात हातखंब्याच्या उतारावर दोनदा मागून सरकली. टायरवाला म्हणतो बटणवाला (उंच, सुट्या रबरी गुठळ्यांच्या नक्षीचा) टाक, चिखलात पण चालेल. मित्र म्हणतो १२० मिलिमीटरचा रुंद टाक, जास्त रबर तेवढी जास्त ग्रिप. कोणाचं ऐकू?

उत्तर: दादा, दोघांचंही नको.

आधी बटणवाल्याचं बोलू, कारण त्या खड्ड्यात मी स्वतः पडलोय. आमच्या वाडीचा रस्ता म्हणजे शेवटचा अर्धा किलोमीटर नुसता लाल चिखल, लावणीच्या दिवसांत वर पॉवर टिलरने आणलेला गाळ, म्हणून एका वर्षी हौसेने दोन्ही चाकांना बटणवाले टायर टाकले आणि वाडीत गाडी अशी चालायला लागली की शेजारी बघायला आले. चार दिवसांनी हायवेला लागताना झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर, वीस-पंचवीसचा स्पीड, रिमझिम पाऊस, पुढचा ब्रेक जरासा लावला आणि हँडल हातातून गेलंच. रेनकोटची बाही फाटली, कोपर सोललं, डब्यातली काळ्या वाटाण्याची उसळ त्या पांढऱ्या पट्ट्यावर. एवढं होऊन मागून येणारा रिक्षावाला काय म्हणाला, तर "टायर तर नवीन दिसतायत!"

झालं काय, की बटणं चिखलात रुततात म्हणून पकड मिळते, डांबरात रुतणार कुठे? तिथे फक्त बटणांचे माथे टेकतात, मधली जागा रिकामीच, आणि ब्रेक लावला की ती उंच बटणं वाकतात ती वेगळीच. म्हणजे ओल्या डांबरावर आधीच कमी असलेलं रबर आणखी कमी. तुमच्या रोजच्या सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरमध्ये खरा चिखल किती लागतो ते एकदा मोजा, मग ठरवा.

आता १२० चा. तुमच्या गाडीला मागे १००/९०-१७ येतो, म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची, आणि रिम त्याच रुंदीला बेतलेला आहे. त्यात १२० कोंबला की टायरच्या बाजू आत दाबल्या जातात, माथा टोकदार होतो, आणि दुकानात रुंद दिसणारा टायर रस्त्याला टेकतो मात्र कमीच. वळणावर गाडी एकदम पडल्यासारखी वाटते ते याच्याचमुळे, वर चेनकव्हरला घासला तर तो आवाज फुकट. मित्राला सांगा, फोटोत छान दिसेल.

मग पावसात पकड येते कुठून? आपण सगळे नक्षी बघतो, खाचा खोल आहेत का बघतो, ते बरोबरच आहे, पाणी खाचांतूनच बाहेर जातं. पण बाईकचा टायर गोल असतो, कारसारखा सपाट नाही, त्यामुळे तो पाणी कापत जातो आणि सहजासहजी पाण्यावर तरंगत नाही. नासाच्या लोकांनी विमानांच्या टायरवरून १९६० च्या दशकात एक ढोबळ सूत्र काढलं होतं, त्यात २८ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा घातली तर चाक तरंगायचा स्पीड ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास येतो, आणि ते सपाट टायरचं गणित. भर पावसात हातखंब्याच्या उतारावर तुम्ही नव्वदने जात असाल तर प्रश्न टायरचा नाहीच.

आपल्याकडे गाडी सरकते ती पाण्याबरोबर जे असतं त्याच्याने. डायव्हर्जनवरून आलेली आणि जांभ्याच्या ट्रकमधून सांडलेली लाल माती पहिल्या सरीत साबणासारखी होते. उतारावर ट्रकचं डिझेल असतं, झाडाखालच्या रस्त्याला शेवाळ, पुलाच्या जोडावरच्या लोखंडी पट्ट्या असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून तेवढे दिवस एक त्रास कमी, ऑगस्ट लागला की बंदराकडून येणाऱ्या टेम्पोंचं माशाचं पाणी वळणावळणाला सांडलेलं असतं आणि ते पाऊस थांबल्यावर जास्त बुळबुळीत होतं हे मी नाक धरून सांगू शकतो.

अशा रस्त्यावर कामाला येतं ते मऊ रबर. डांबरातल्या बारीक खडीला जे रबर दबून धरतं ते पकडतं, कडक असेल ते वरून घसरत जातं. पावसात टायर तापत नाही, म्हणून थंड असतानाही मऊ राहणारं कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, हवं, आणि त्यासाठी कंपन्या रबरात सिलिका घालतात. दुकानात जाऊन नुसतं "चांगला टायर द्या" म्हणू नका, त्याच्या लेखी चांगला म्हणजे जास्त किलोमीटर चालणारा, आणि तो बहुतेक वेळा कडकच असतो. "ओल्यात धरणारा, सिलिकावाला, रस्त्याच्या नक्षीचा, १००/९०-१७" असं सरळ मागा. एमआरएफचा झॅपर की सिएटचा झूम की मिशलिनचा पायलट स्ट्रीट यावर कट्ट्यावर रात्रभर भांडता येईल, पण एकाच कंपनीच्या दोन पॅटर्नमध्ये सुद्धा कंपाउंड वेगळं असतं, तेव्हा कंपनी नंतर, आधी हे विचारा. मऊ टायर लवकर झिजेल, तो खर्च आहे, धरून चाला.

आणि ते "पुढचा बरा आहे" वाक्य मला खटकलं. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, आणि मागचा सरकला तर पुष्कळदा सावरता येतं, पुढचा गेला की माणूस खालीच. काडेपेटीची काडी पुढच्या टायरच्या मधल्या खाचेत घाला, नखाने खूण करा, पट्टीवर मोजा. २ मिलिमीटरच्या आसपास आलं असेल तर कायदा काय म्हणतो ते सोडा, आपल्या पावसाला तो टायर पुरत नाही. दोन्हीचे पैसे एकदम नसतील तर मागचा आत्ता, तो गोटाच आहे, आणि पुढचा गणपतीच्या आत. बसवताना बाजूवरचा बाण चाक फिरतं त्याच दिशेला आहे ना ते उभं राहून बघा. नव्या टायरवर गुळगुळीत चकाकी असते, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश काढा, लगेच हातखंब्याला परीक्षा नको.

प्रश्न: मी वेंगुर्ल्याला शिक्षिका आहे. माझी स्कूटर सात वर्षांत जेमतेम सहा हजार चालली, टायरची नक्षी नव्यासारखी आहे, तरी शाळेच्या उतारावर ओल्यात मागचं चाक सटकतं. ब्रेकचा दोष असेल का?

उत्तर: बाई, ब्रेक दाखवून घ्या, पण मला संशय टायरच्या वयाचा आहे. टायरच्या एका बाजूला लांबट गोलात चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१८, म्हणजे २०१८ सालातला २३ वा आठवडा. तुमच्या बाजूने आकडे दिसले नाहीत तर दुसऱ्या बाजूने बघा. स्कूटर चालो न चालो, ऊन आणि हवा लागून रबर कडक होत जातं, आणि शाळेच्या पटांगणात ती दिवसभर उन्हातच उभी असणार. आमचा मेकॅनिक अशा टायरवर बोटाने टकटक करून म्हणतो, "टायर सुकान खडखडीत झालो हा." नख दाबून बघा, जरासुद्धा आत जात नसेल आणि खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा असतील तर नक्षी कितीही छान असो, दोन्ही बदला. आणि नवीन घेतानाही तेच चार आकडे आधी बघा, दुकानातल्या मागच्या फळीवरचा जुना माल नवीन म्हणून घरी यायला नको.

प्रश्न: पावसात हवा थोडी कमी ठेवली की ग्रिप वाढते असं सगळेच म्हणतात. खरं आहे का? माझा ट्यूबलेस तसाही आठवड्याला चार-पाच पीएसआय सोडतो, म्हणून मी भरतच नाही. (देवगड)

उत्तर: वाळूत, चिखलात थोडी कमी चालते, तिथूनच हे निघालंय. डांबरावर हवा कमी केली की खाचा दाबून मिटतात, पाणी जायला वाट राहत नाही, आणि वरचं नासाचं सूत्र हवेवरच चालतं, हवा कमी तर तरंगायचा स्पीडही कमी. गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे तोच, पल्सर १५० असेल तर पुढे २५, मागे २८, डबल सीट ३२, आणि मोजायची ती सकाळी गाडी काढायच्या आधी.

आठवड्याला चार-पाच म्हणजे मात्र कुठून तरी गळतंय. समुद्राजवळच्या गाड्यांना हे फार होतं, खाऱ्या हवेने रिमची कड खाल्ली जाते आणि टायर तिथे घट्ट बसत नाही. साबणाचं पाणी कडेने ओता, बुडबुडे दिसतील. पंक्चरवाल्याला टायर उतरवायला लावा, रिमची कड घासून साफ करून पुन्हा बसवा, आणि तोपर्यंत त्याने बाटलीतलं हिरवं पाणी आत ओतायचं म्हटलं तर नको म्हणा, ते टायरच्या छिद्रासाठी असतं, खाल्लेल्या रिमला त्याचा उपयोग नाही आणि नंतर साफ करताना तोच माणूस तुम्हाला शिव्या घालेल.